रजेचा अर्ज

बाई, आज सकाळी मी एका मुलीचं वाक्य लाल पेनाने कापलं, आणि तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही आहात. माणिकपूरला रिक्षास्टँडच्या वरच्या मजल्यावर माझा इंग्रजीचा क्लास आहे, आठवी ते दहावी. खाली बोर्डावर 'रायटिंग स्किलची खास तयारी' असं रंगवून घेतलंय आणि ते काही खोटं नाही, माझ्याकडच्या पोरांना मार्क मिळतात. आज नववीला रजेचा अर्ज लिहायला दिला होता. या मुलीने लिहिलं की मी दोन दिवस शाळेत आले नाही, कारण माझी आई रडत होती आणि तिच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं. इंग्रजी अगदी साधं, पण चूक एकही नाही. मी ते कापून वर 'ताप' लिहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अगं, पेपरात असलं कोणी लिहितं का? रजेला कारण एकच. सगळ्यांना ताप येतो." वर्ग हसला. तीही हसली, जरा उशिराने. आता सकाळची बॅच गेली आहे, चारची यायची आहे, आणि मी त्या बाकांसमोर बसून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही नंदाखालहून आमच्या कामणच्या शाळेत यायचात, दोन बस बदलून. तेव्हा आमच्या रस्त्याला ही गोदामं नव्हती, शाळेच्या खिडकीतून भातशेती दिसायची. तुमच्या पिशवीत हिरव्या शाईचं पेन, परदेशी टपालाची निळ्या-लाल काठाची पाकिटं आणि डब्याबरोबर कायम वाडीतलं काहीतरी असायचं. पहिल्याच तासाला तुम्ही पुस्तकातलं पत्र मोठ्याने वाचलंत, मित्राला थंड हवेच्या ठिकाणी बोलावणारं, आणि विचारलंत, "तुमच्यापैकी कुणाचा मित्र थंड हवेच्या ठिकाणी राहतो?" कुणाचाच राहत नव्हता. "मग ज्याला पत्राची गरज आहे त्याचंच पत्र लिहू या," तुम्ही म्हणालात. आणि नववीतल्या प्रत्येकाला गावातलं एकेक घर लावून दिलंत. ज्या घराचं इंग्रजीवाचून अडलंय, त्यांचं पत्र आम्ही लिहायचं. आधी माणूस बोलेल तसं मराठीत उतरवायचं, मग त्याचं इंग्रजी करायचं, मग तुमचं हिरवं पेन. पक्कं झालं की त्या माणसाला पुन्हा मराठीत वाचून दाखवायचं आणि मगच पेटीत टाकायचं. शाळेतल्या बाकीच्यांना हा तुमचा रिकामटेकडा उद्योग वाटायचा. आम्हाला मात्र गावात फार भाव आला होता.

मी तेव्हा पहिल्या नंबराची होते आणि तो नंबर माझ्या चालण्याबोलण्यातही होता. मामाने वसईहून आणून दिलेलं जाडजूड गाईड वर्गात फक्त माझ्याकडे. तुम्ही मला आमच्याच आळीतली एक काकी दिलीत. नवरा नव्हता. एकुलता एक मुलगा आखातात वेल्डर. त्याने गावी आलेल्या एका माणसाबरोबर निरोप धाडला होता, घरून कारण इंग्रजीत लिहून आलं तर साहेब सुट्टी देईल. मी वही घेऊन गेले तेव्हा काकी चुलीपुढे बसून सुकट निवडत होती, डोळ्यांनी नाही, बोटांनी. काचबिंदू झालाय, आहे ती नजरही जाणार, असं डॉक्टरने तिला सांगितलं होतं. मुलाला तिने ते कळवलं नव्हतं, उगाच घोर नको म्हणून. पण साहेबाला सांगायला तिची हरकत नव्हती. "लिव," ती म्हणाली. "सायबाला सांग, माझे डोले चालले. ते जायच्या आदी मना माझे पोराचा तोंड बगाचा हाय. मंग त्याला ठेव तुझेकडं, पाहिजे तवर." एवढंच. मी म्हटलं, आणखी काही? ती म्हणाली, "आनखी काय असतं गो?"

घरी येऊन मी गाईड उघडलं. रजेच्या अर्जाचा नमुना तयारच होता. आय हम्बली बेग टु स्टेट इथपासून सुरू होणारा, मध्ये तापाने अंथरुणाला खिळल्याचं एक लांबलचक वाक्य, शेवटी उपकारांबद्दल आजन्म ऋणी वगैरे. मी तो सुवाच्य अक्षरात उतरवला, नावं बदलली आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही तो वाचलात आणि वर्गासमोर म्हणालात, "हे काकींचं पत्र नाही, हे गाईडचं पत्र आहे. काकी कुठे आहेत यात?" पोरं फिदीफिदी हसली. माझे कान लाल झाले होते, आजही हे लिहिताना होताहेत. मग तीन दिवस तुम्ही मधल्या सुट्टीत मला व्हरांड्यात घेऊन बसलात. मी मोठा शब्द आणायची, तुम्ही विचारायचात, "काकी असं म्हणाल्या?" मी तो खोडायची. तिसऱ्या दिवशी चार वाक्यं उरली. माझी नजर जाते आहे. ती जायच्या आत मला माझ्या मुलाचं तोंड बघायचं आहे. कृपा करून त्याला थोडे दिवस पाठवा. मग तो परत येईल. तुम्ही खाली हिरव्या शाईने बरोबरची खूण केलीत आणि पिशवीतून सुकेळीची पुडी काढून माझ्या हातात दिलीत, तुमच्याच वाडीतली राजेळी केळी उन्हात सुकवलेली, केळीच्या सोपटात बांधलेली. "हे पत्र वाचून साहेबाला नाही म्हणता येणार नाही," तुम्ही म्हणालात. ती सुकेळी मी घरी पोचेपर्यंत संपवली, आईलासुद्धा ठेवली नाही.

आणि पाकिटात मी गाईडचं पत्र घातलं.

का, ते मी स्वतःला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलंय. की लहान होते, चौदा वर्षांची. की खरंच वाटलं होतं, साहेब मोठा माणूस आहे, त्याला भारदस्त इंग्रजी लागत असेल. यातलं काही अगदीच खोटं नाही. पण खरं कारण एवढंच होतं की ती चार वाक्यं मला चौथीतल्या पोराची वाटत होती. परदेशात कुणीतरी ती वाचणार, आणि लिहिणारी मी! माझं इंग्रजी एवढंच, असं त्या साहेबाला वाटलं तर? जो माणूस मला जन्मात बघणार नव्हता त्याच्यासमोर माझी शान राहावी म्हणून मी काकीचे डोळे पत्रातून काढून टाकले. आणि तुम्ही सगळ्यांसमोर हसं केलंत त्याचा रागही होता. तुमच्यावरचा राग मी तिच्यावर काढला, बाई.

तापासाठी आखातातून कुणी माणूस सोडत नाही. दोन महिने गेले, चार गेले. काकी दारात बसायची आणि मी शाळेत जाताना माझी चाहूल ओळखून विचारायची, "काय आलंय का गो?" मग विचारायची थांबली. एकदा आईला म्हणाली, "सायबाला दया नाय आली." म्हणजे साहेबाने डोळ्यांचं वाचलं आणि तरी नाही म्हटलं, असं धरून ती बसली होती. म्हणून दुसरं पत्र घालायचं तिने कधी नाव काढलं नाही. मीही नाही काढलं. करार संपवून मुलगा आला तेव्हा मी दहावीला होते आणि काकीची नजर पूर्ण गेली होती. आई सांगत होती, तिने त्याचं तोंड दोन्ही हातांनी किती वेळ चाचपलं आणि म्हणाली, "दाढी ठेवलीस?" आई हे सांगताना रडली. मी गणिताची वही काढून बसले.

तो शाळेत आला तो दिवस मला अजून समोर दिसतो. मधली सुट्टी आहे, मी वह्यांचा गठ्ठा घेऊन तुमच्या मागे व्हरांड्यात उभी आहे. तो भांडायला आलेला नाही. कंपनीने परत दिलेलं पत्र त्याने खिशातून काढून तुमच्या हातात दिलंय. "बाई, आयेला ताप कवा आलेला?" तो विचारतो. "अंगठा तिचाच हाय. पन डोल्यांचा यात कायच नाय. मना कलला असता तर मी नोकरी सोडून आलो असतो." तुम्ही वाचता. पहिल्या ओळीवरच तुम्हाला कळलेलं असणार, तुम्हीच तर ते परत केलं होतं. तुम्ही अंगठ्याकडे बघता, खूप वेळ. मग माझ्याकडे बघता, अगदी थोडा वेळ. आणि त्याला म्हणता, "माझी चूक झाली. पाठवायच्या आधी मी तपासायला हवं होतं. मुलांचा काही दोष नाही." तो पत्र घडी करून खिशात घालून निघून गेला.

मला वाटलं होतं, आता तुम्ही मला बोलवाल. नाही बोलावलंत. ओरडला असतात तर मी रडले असते, माफी मागितली असती आणि मोकळी झाले असते. ती सोय तुम्ही मला दिली नाहीत की तुमच्यानेच झालं नाही, हे मला अजून कळलेलं नाही. पुढच्या आठवड्यात तुम्ही फळ्यावर नमुन्याचा अर्ज लिहिलात आणि म्हणालात, उतरवून घ्या. घरं बंद झाली, पाकिटं बंद झाली. एवढी चांगली शिक्षिका मी इतरांसारखी करून टाकली. आणि तो फळ्यावरचा अर्ज मी आज पंधरा वर्षं माझ्या क्लासमध्ये उतरवून देते आहे.

तुमच्या मातीला मी नंदाखालला आले होते. चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसले. मिस्सा झाल्यावर बाहेर काकीचा मुलगा भेटला, कामणहून मुद्दाम आलेला, केस पिकलेले. मला म्हणाला, "बाईंच्या हातून चूक झाली, पन मी कवा मनात ठेवला नाय गो. मानूस चांगला होता." त्या वेळी तोंड उघडायचं होतं. तुम्ही तिथे दहा पावलांवर शवपेटीत होतात. मी म्हटलं, "हो ना." अजून दर रविवारी आईकडे जाते तेव्हा त्याचं घर टाळून गोदामांच्या बाजूने वळसा घालते. ट्रकची धूळ खाते, पण तिकडून जाते.

त्या मुलीची वही उद्या परत मागून घ्यावी, 'ताप' खोडावं आणि तिचं वाक्य तिला परत द्यावं, असं मनात आहे. करीनच असं सांगत नाही, मी स्वतःला ओळखते. हे पत्रही मी कुठे पाठवणार! आणि पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, कारण वर मी एक गोष्ट टाळली आहे. पाकिटात दुसरं पत्र घातलं, असं मी लिहिलं, जसं काही पेटीपाशी ऐन वेळी मन फिरलं. तसं नव्हतं. तुमच्या नियमाप्रमाणे मी काकीकडे बसून तिला पत्र मराठीत वाचून दाखवलं होतं. वाचलं ते तुमचं, हिरव्या खुणेचं. अंगठ्यासाठी पाटावर ठेवलं ते गाईडचं. तिने कागदावर हात फिरवला, जवळ नेऊन बघितला, आणि तिला अक्षरं दिसत नाहीत हे मला माहीत होतं. "डोल्यांचा लिवलंस ना गो?" तिने विचारलं. मी हो म्हटलं, आणि तिचा अंगठा माझ्या हाताने धरून तिथे टेकवला.