पाखरू जेवेपर्यंत

फुलसावंगी, १० नोव्हेंबर १९५८
आज मळ्यावर राहायला आलो. विहीर जवळ, खोली कोरडी, भिंतीत देवासाठी कोनाडाही आहे. मालक किसनरावांनी एका मोडलेल्या सर्कशीतून ईमूची जोडी विकत घेतली आहे. पाखरे माणसाएवढी उंच, पण उडता येत नाही. त्यांची राखण आणि पैदास माझ्याकडे. किसनराव म्हणाले, नानाजी, कोंबड्याच हायेत ह्या, फक्त दाणा टाकायले शिडी लागते. मी आणि माझी बायको मैना पोटभर हसलो.

२ डिसेंबर
सात अंडी झाली. गर्द हिरवी, तळहातात न मावणारी. मादी छातीतून ढोल घुमवल्यासारखा आवाज काढत हिंडते. अंड्यांवर बसला आहे तो नर.

९ डिसेंबर
आठवडा झाला, नराने दाणा टिपला नाही, पाण्याला शिवला नाही. माझ्या राखणीत मुका जीव उपाशी मरतो आहे. सकाळी हातावर पाणी घेऊन देवापुढे संकल्प सोडला : हे पाखरू जेवेल तेव्हाच मी जेवीन.

१२ डिसेंबर
गुरांचे डॉक्टर आले. ऐकून हसू आवरेना त्यांना. दिवस लहान झाले की नराच्या रक्तातच फरक पडतो म्हणे. भूक मरते, आठ आठवडे बसून राहतो. त्याची मरते, नानाजी, तुमची नाही मरणार, जेवा गुपचूप. मैना रडली. पाखरापायी माह्यं कुंकू पुसता काय, म्हणाली. पण शब्द देवाला दिलेला. मोडू कसा?

१९ डिसेंबर
आज भूक लागली नाही. पाणी प्यायचीही आठवण झाली नाही. मैनेने भाकरी नाकाशी धरली, तर मातीचा वास आला. देवा, हे तुझे बळ, की—

२४ डिसेंबर
पोटाची कातडी तापली आहे. एवढ्या थंडीत सदरा सोसवत नाही. दिवसभर नराजवळ बसतो. तो मला बघून थोडा सरकतो. जागा करून देतो.

२८ डिसेंबर
नर उठला. अंडी उघडी, वारा गार. घोंगडी घेऊन मीच वर पडलो, घटकाभर—
तो टोपल्याकडे गेला. ज्वारी खाल्ली. जेवला! मी सुटलो. मैना भाकरी घेऊन धावत आली. उठतो. एवढी ऊब लागली की—

२९
मैना हात धरून ओढते आहे. देवा, मला उठायचे आहे. पाय ऐकत नाहीत. पोटाखाली काहीतरी हलले. मैना, ओढू नको, गार पडतील, सोड, नाहीतर मी तुला—