उष्टी हळद

आक्का,
मी मागच्या दारानं परत आलेय, आतल्या खोलीत पडलेय. तोंडानं सांगणं जमायचं नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

दाजीपूरच्या जंगलात, ठरल्याप्रमाणं देवळापाशी हंबीर आला होता. हारसुद्धा आणले होते. माझे पिवळे हात बघून मागं सरला. म्हणाला, "दुसऱ्याची उष्टी हळद लावून माझ्याशी लग्न करतीस व्हय?" मी ओढ्यावर जाऊन वाळूनं घासली गं, कातडं सोललं. वर आले तर तो निघून गेला होता.

दादांना डोकेदुखीचंच सांगत राहा. उद्याचं लग्न होऊ दे. नवऱ्याकडनं आलेली हळद वाटीत उरली असेल, ती परत लाव. झोंबली तरी रडणार नाही. काल रडून बघितलंच की.

कालिंदी