बाईसाहेबांच्या चामखिळी

तीर्थरूप ताईस धाकट्याचा नमस्कार.

दाजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना तो कुरकुरतो की दाजीच कुरकुरतात? (उत्तर ठाऊक आहे, तरी विचारलेलं बरं.) इकडे आम्ही सगळे सुखरूप. अक्षर मुद्दाम मोठं काढतोय, या वयात तुझ्या डोळ्यांना ताण नको. बाईसाहेबही सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं अर्धं वाचूनच तू पिशवी भरायला घेशील.

तू तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलीस आणि गाय माझ्या स्वाधीन केलीस, तेव्हा मी म्हणालो होतो, डोळ्यांत तेल घालून सांभाळीन. सांभाळलीही. तीस वर्षं माणसांची डोकी भादरतोय, एका गाईचं ते काय! उकाडा वाढला तसा मी कात्री-कंगवा घेऊन गोठ्यात गेलो आणि तिची झकास हजामत केली. तेव्हा हाताला लागलं, की मानेखाली, कानामागे, कासेजवळ वाटाण्याएवढ्या चामखिळी आल्यात. आता आपल्या धंद्यात चामखिळीला धक्का लावणं म्हणजे पाप. (पोस्टमास्तरांच्या हनुवटीवरची मी आजवर एकदाही कापलेली नाही, विचार त्यांना.) एकेकीला वळसा घालून असे सुबक केस कापले, की हिलाही बोलावून दाखवलं. ही शिंगांना भिते, दारातूनच छान म्हणाली आणि गेली. पुढे दोन महिने दर आठवड्याला हेच. चामखिळी वाढत गेल्या, मी म्हटलं, वय झालं बिचारीचं.

मग एका सकाळी बाईसाहेबांनी चाऱ्याला तोंड लावलं नाही. दूध आटलं, अंग तव्यासारखं तापलं आणि लघवी कोऱ्या कॉफीच्या रंगाची. माझ्या तोंडचं पाणी पळालं. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना आणायला धावलो. (गिऱ्हाईक म्हणजे गणिताचे मास्तर. दुपारपर्यंत तसेच बसून राहिले, भला माणूस.) बाईंनी पापणी उलटून पाहिली, कानातून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, मग मानेखाली हात घातला आणि थबकल्या. इतके कडेकडेने केस कुणी कापलेत, म्हणाल्या. मी कॉलर ताठ करून पुढे झालो. त्यांनी एक चामखीळ चिमट्यात धरून उपटली आणि माझ्या तळहातावर ठेवली. चामखीळ वळवळायला लागली.

ताई, गोचीड होते ते! दोन महिने मी गोचिडांच्या बागेची निगा राखत होतो. त्यांच्याच चावण्यातून हा ताप रक्तात शिरतो, हे ऐकल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी इंजेक्शनं दिली, पण दोन दिवस काही सांगता येणार नाही म्हणाल्या. ते दोन दिवस मी गोठ्यातून हललो नाही. (हिने डबा दारातूनच सरकवला.) तिथे बसल्या बसल्या आठवलं, तू रोज दुपारी तिचा कान मांडीवर घेऊन तासभर बसायचीस. मला वाटायचं, काय हे लाड! अगं, तू गोचीड वेचत होतीस, मग जाताना सांगायचं नाही का? चाऱ्याचं सांगितलंस, पाण्याचं सांगितलंस, ती कशाने रुसते तेसुद्धा सांगितलंस! असो. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून चघळला, आणि मी तिच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडलो.

तुझा,
धाकटा

ता. क. : काळजी करू नकोस आणि मुळीच येऊ नकोस. गोठ्याच्या भिंतीच्या भेगा बुजवल्यात, औषधही फवारलंय.

ता. क. : दाजींचा जुना चष्मा पडून असेल तर कुणाबरोबर पाठव. दुकानात आरशाजवळ ठेवायला बरा दिसेल.

ता. क. : खोटं बोललो. ताई, तीस वर्षांच्या न्हाव्याला चामखीळ आणि गोचीड यांतला फरक कळत नाही, असं होतं का? मला दिसलंच नाही. वर्ष झालं, जवळचं सगळं धुरकट. बोटांनी चाचपून कापतो. मास्तरांना त्या दिवशी अर्ध्या दाढीवर सोडून पळालो, तेव्हा मनात कुठेतरी सुटल्यासारखं झालं होतं. वस्तरा धरायची भीती वाटते गं. हिला अजून बोललो नाही. तू ये. आधी बाईसाहेबांचे कान बघ, मग मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने, लहानपणी दात काढायला हाताला धरून नेलं होतंस तसं.

आणि अक्षर मोठं काढलंय ते तुझ्यासाठी नाही.