कोतवालाच्या वहीतली पोरगी

पोटची पोरगी गेली अन् तू स्वतः मरेपर्यंत मले तिचं नाव सांगितलं नाही, हे काही बरं केलं नाही माय. आता पाया पडते, अन् सांगते.

माही सून मास्तरीण आहे. तिले आपल्या घराण्याची वंशावळ काढायचं खूळ लागलं. भुईवर भलामोठा कागद पसरून विचारते, "आई, तुमच्या आजीचं नाव काय?" म्हटलं, "आजीले आजीच म्हणत होतो वं. नाव काय तिच्या पाठीवर लिहिलं होतं?" पण ती हटणारी नाही. सीताबर्डीवरून रिक्षात बसवून मले कचेरीत घेऊन गेली. तिथं आपल्या गावच्या कोतवालाच्या जुन्या वह्या आहेत. कोण जन्मलं, कोण मेलं, हे तो दारोदारी विचारे अन् लिहवून ठाण्यात नेई, तुले आठवत असंल. सुनेनं बोट ठेवून वाचलं. बाचं नाव, पुढे "मुलगी जन्मली". दोन वर्षांनी पुन्हा बाचं नाव, "मुलगी जन्मली". मग चार वर्षांनी, "मुलगी मेली, ताप". वयाची जागा वाळवीनं खाल्ली. थोरली गेली की धाकटी, म्हणजे मी कोणती उरली, तेही कळत नाही. सून म्हणे, "आई, तुम्ही तर एकट्याच होत्या ना?" म्हटलं, "मलेही तसंच सांगून ठेवलं होतं."

तेव्हापासून एकच दुपार डोळ्यांपुढे येऊन राहिली. चुलीचा धूर आहे, धुरात उन्हाचा कवडसा तिरपा उभा आहे. तू तव्यावरची भाकर काढतेस, पापुद्रा सोलून दोन तुकडे करतेस अन् दोन्ही हात दोन बाजूंनी पुढे करतेस. एक हात माह्याकडे येतो. दुसरा धुरात जातो अन् रिकामा होऊन परत येतो. लग्नाआधी मी तुले विचारलं होतं, दुसरा तुकडा कोण घेत होतं? तू पिठाच्या हातानं एक ठेवून दिली. "सपन पडलं तुले. जा, पाणी आण." मी विहिरीवर गेली, वाकून पाहिलं, तर पाण्यात मी एकटीच. मलेही वाटलं, सपनच असंल.

सुनेनं कागदावर माह्या बाजूले एक चौकोन काढला. म्हणे, "नाव नसंल तर रिकामा ठेवू आई, खोटं लिहायचं नाही." मले तो चौकोन पाहवला नाही. "आठवलं," म्हटलं, अन् मनानंच एक नाव सांगून टाकलं. तिनं ते शाईनं लिहिलं. नातवंडं आता तेच खरं समजून वाचून राहिली. गहू निवडताना मीही ते नाव तोंडात घोळवून पाहते. गोड लागते मेलं, म्हणूनच भेव वाटते.

हे पत्र टपालात पडणार नाही, एवढी अक्कल दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईलेही आहे. पण जबाब पाहिजे. बाले पाठवू नको. त्यानं दोनदा जन्म सांगितला, एकदा मरण सांगितलं, नाव एकदाही नाही. पोरगी तू जन्माले घातली, हाकही तूच मारत असशील. तूच ये अन् सांग.