वाऱ्याची बाजू

२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नाट्यगृहाने वर्कशॉपला काम दिलं. बाबा गेल्यानंतरचं हे पहिलंच. जुन्या नाटकाच्या शेवटच्या अंकातला त्यांनी रंगवलेला आभाळाचा पडदा गळक्या छपराखाली भिजून कुजला. तोच मला नव्याने रंगवायचा आहे. मॅनेजरसाहेबांनी त्या पडद्याचा जुना फोटो दिला आणि जिना उतरेपर्यंत 'हुबेहूब, हुबेहूब' म्हणत राहिले.

पडदा पसंत पडला तर पुढचे सगळे पडदे माझ्याकडे. नाही पडला तर ते फोटोवरूनच यंत्रावर छापून घेणार. मग वर्कशॉपची गरजच संपली. जागा नाट्यगृहाची आहे. तिथे कपडेपट आणायचा, हे त्यांनी ठरवूनही ठेवलंय.

बाबांसारखंच कापड जमिनीवर अंथरते, पायांत मोजे घालते आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन आभाळावर चालत राहते. दुपारचं ऊन तावदानांतून उतरलं की पायाखालचा निळा खोल होत जातो. परवा तर मी एका ढगाला वळसा घालून गेले. रंग ओला होता म्हणून नव्हे, उगाच.

काळजी करू नकोस. फोटोतला प्रत्येक ढग मी दोऱ्याने मापून घेतलाय. अक्षराकडे लक्ष देऊ नकोस, थोडी सवय बदलतेय.

माया आहे तशी राहू दे, धाकही राहू दे.

तुझी भाची


९ फेब्रुवारी

चि. डावरीस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर पाहून वाटलं, बँकेने काहीतरी पाठवलंय. म्हणून दोन दिवस उघडलंच नाही. उघडलं तर तू.

तुझं अक्षर मला ठाऊक आहे. आरामखुर्चीत बसल्यासारखं मागे रेललेलं आणि वाचायला कठीण. या पत्रातली अक्षरं मुख्याध्यापिका वर्गात आल्यासारखी ताठ उभी आहेत. आणि खाली सही काय, तर 'भाची'. घरात सगळे तुला डावरी म्हणतात, तूही तशीच सही करतेस. सवय कसली बदलतेयस ते सरळ लिही. आडून आडून लिहिलेलं मला चालत नाही. हात मोडला आहे का?

माझं म्हणशील तर गुडघे सोडून सगळं ठीक. शेजारीण रोज संध्याकाळी येते आणि तिच्या सुनेबद्दल सांगते. सून सकाळी येऊन तिच्याबद्दल सांगते. दोघी अगदी एकसारखं बोलतात, हे मी अजून दोघींनाही सांगितलेलं नाही.

उत्तर लवकर. आशीर्वाद आहेतच, ते काही उत्तरावर अवलंबून नाहीत.

आत्या


१५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हात शाबूत आहे. मी उजव्या हाताने लिहितेय, कारण उजव्या हाताने रंगवतेय.

माझ्या डाव्या हाताने बाबांचे उजव्या हाताचे ढग निघतच नाहीत गं. ब्रशचा फटकारा उलट्या दिशेला जातो. म्हणून उजवा हात तयार करायला घेतला. लिहिणं, जेवण, दात घासणं, कुलूप उघडणं, सगळं उजव्या हाताने. खांदा इतका दुखतो की झोपेत मी डाव्या हाताने तो दाबत असते. निदान झोपेत तरी त्याला काम मिळतं.

ढग जमले. फोटोशेजारी धरले तर फरक दिसणार नाही. पण काल नाटकातल्या एका म्हाताऱ्या नटांनी डोकावून पाहिलं. शेवटच्या अंकात टेकडीवर उभं राहून मुलाची वाट पाहणारा बाप तेच करतात. बाबांच्या त्या आभाळापुढे त्यांची निम्मी हयात गेली. बराच वेळ पाहून म्हणाले, की ढग उत्तम आहेत, फक्त हलवायचे झाले तर हमाल लागतील.

मी हसले. ते गेल्यावर कापडावरच बसून राहिले. खरंच आहे ते. फोटोतल्या आभाळात काहीतरी वाहतं. माझ्या आभाळात सगळं जिथल्या तिथे आहे, दुकानाच्या काचेत मांडल्यासारखं. कुठे चुकतंय ते समजत नाही. अजून एकदा मापून पाहते.

रागावलीस तरी पत्र पाठव.

भाची


२१ फेब्रुवारी

चि. डावरीस,
अनेक आशीर्वाद.

मापून झालं असेल तर आता वाच.

नक्कल करणाऱ्या मुलींना मी वर्गात पहिल्या बाकावर बसवत असे. पुढे पाहून उचलायला कुणीच उरलं नाही की त्या निमूट स्वतःचं डोकं वापरत. तुला बसवायला मी तिथे नाही, म्हणून कागद खर्च करते आहे.

तुझ्या बापाने तो पडदा केला तेव्हा मी पाहायला गेले होते. मी भूगोलाची शिक्षिका, वारा चुकला तर मला सहन होत नाही. गोष्टीत वादळ समुद्रावरून येतं, आणि समुद्र त्या टेकडीच्या कुठल्या बाजूला हे नाटकात कुणी सांगतच नाही. म्हणून मी विचारलं, की हे ढग डावीकडून उजवीकडे का पळताहेत, हा वारा कुठला? तो मोजे घालून त्या कापडावर उभा होता. हातातल्या ब्रशकडे पाहत म्हणाला, "ताई, हा माझ्या हाताचा वारा आहे."

मी त्याला मूर्ख म्हटलं. लहानपणी तो गच्चीवर उताणा पडून ढग आज कामाला निघालेत की घरी परतताहेत ते मला सांगायचा, तेव्हाही मी हेच म्हणत असे. पण घरी परतताना मीच पदर सावरून धरला होता, आणि रस्त्यावर पान हलत नव्हतं.

तो ढग काढत नव्हता, मुली. हात मोकळा सोडून चालत जायचा आणि मागे ढग उरायचे. तुझ्या खांद्याला कळ येते आहे, मग वारा कुठून वाहणार? त्याचा हात त्याच्याबरोबर गेला. तुझा आहे, तो खिशात घालून का फिरतेस?

छापील पडदा लागायचा असेल तर लागू दे. पण मग तो यंत्रानेच छापावा. तू यंत्र होऊ नकोस, त्यांच्याकडे आहे.

पुढचं पत्र मला वाचता येणार नाही अशा अक्षरात यावं. आशीर्वाद.

आत्या


६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ताठ ढगांवर पांढऱ्या रंगाचा हात देऊन मी सगळं पुसून टाकलं. दोन दिवस वर्कशॉपमध्ये नुसतं पांढरं होतं, धुक्यात राहिल्यासारखं. मग एका सकाळी उजवा हात एप्रनच्या खिशात घातला आणि चालायला लागले. फोटो बाहेर दाराला अडकवून ठेवला होता. किती फेऱ्या मारल्या सांगता येणार नाही. मध्येच वाटलं, की मी उभी आहे आणि कापडच माझ्या पायाखालून सरकतंय. भानावर आले तेव्हा मोजे निळे झाले होते, खांदा दुखत नव्हता आणि ढग उजवीकडून डावीकडे निघाले होते.

पडदा टांगला. मॅनेजरसाहेब फोटो घेऊन आले, फोटो पाहिला, पडदा पाहिला, आणि उलटं झालंय एवढंच म्हणाले. छापखान्याला सोमवारी कळवतो म्हणाले. आजची तालीम तेवढी यावर होऊ द्या, इतकंच कसंबसं मागितलं.

शेवटचा अंक लागला. म्हातारे नट मागून आले, येता येता पडद्याकडे नजर गेली आणि टेकडीवर जाऊन नेहमीसारखे पडद्याकडे तोंड करून उभे राहिले. इतकी वर्षं ते डाव्या हाताने टोपी धरतात आणि त्याच बाजूची कॉलर वर करतात. आजही हात डावीकडे गेला. अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी टोपी उजव्या हाताने धरली, दुसऱ्या बाजूची कॉलर उभी केली आणि मान तिकडून फिरवून डोळे बारीक केले.

मॅनेजरसाहेबांनी खालूनच विचारलं, की हे काय नवीन? नटांनी मान न वळवता सांगितलं, "वारा तिकडून आहे."

मग मॅनेजरसाहेबांनी फोटो खिशात ठेवला आणि दुसऱ्या अंकातलं जंगल कधीपर्यंत होईल ते मला विचारलं.

तुला वाचता येतंय ना? नसेल येत तर बरंच.

तुझ्या ओरड्याची आणि मायेची अशीच हक्कदार,

डावरी


११ मार्च

चि. डावरीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर नेहमीसारखं गचाळ. चष्मा लावून, शेजारणीला बसवून, दोन बैठकांत वाचलं. शेवटाला ती रडली. मी रडले नाही, चष्मा पुसला.

पहिल्या खेळाला मी येते आहे. गुडघ्यांचं मी बघून घेईन. पुढची खुर्ची ठेव, पण उजवीकडची नको. मला वारा बाधतो.

आत्या