वाकडा पोपट

सोलापूर, चैत्र वद्य पंचमी, सन १९३०

उद्या चौकात विलायती कापडाची होळी आहे आणि वसंताला माझी चिकटवही हवी आहे. पोटचा मुलगा, पण ऐकत नाही. "आई, चित्रं विलायती ताग्यांवरचीच की," म्हणाला. खरं आहे. नवी पेठेतला दुकानदार ताग्यांवरची रंगीत चित्रं सोडवून मला द्यायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून दर सणाला एक पान करते. कातरायचं, खळ लावायची, भोवती वेल काढायची. उरलेल्या चित्रांची भावाला सांगोल्याला दिवाळीची पत्रं. माझं म्हणावं असं घरात दुसरं काय आहे?

लुगडी दिली की मी. हसत दिली. मग वहीच का देववत नाही?

ह्यांना विचारलं तर मान वर न करता म्हणाले, "कागदच आहेत, देऊन टाक."

नागपंचमीच्या पानावर तो वाकडा पोपट आहे. वसंता चार वर्षांचा होता, माझ्या मांडीवर बसून त्यानंच चिकटवला. खळीच्या बोटाचा ठसा अजून पंखावर आहे. तेवढं पान काढून ठेवू? लपवून? मुलापासून?

मघाशी त्यानं वही चाळली. पोपटापाशी थांबला. मला वाटलं, आठवलं त्याला.

"हा कुणी गं वाकडा चिकटवलाय?" हसला आणि पान उलटलं.

त्यानंच चिकटवलाय, हे उद्याच्या आत सांगायला हवं. पण सांगितलं आणि तो म्हणाला, "मग ते पान मीच आधी टाकतो," तर?