शेऱ्याचा रकाना

२ जानेवारी, सकाळी १०.१०
नवीन वर्ष, नवीन वही. वार्षिक अपघात अहवाल यंदा पंधरा तारखेच्या आत. मागच्या खेपेला मार्च उजाडला होता, पण त्याला प्रिंटर जबाबदार. वजन ७८, ते ७४ वर आणायचं. त्यासाठी घर ते ऑफिस चालत, तेही लांबच्या रस्त्याने. टाकीच्या चौकातून गेलं तर बारा मिनिटं लागतात, बेकरीवरून गेलं तर पस्तीस. चौकातून जायचं नाही असं काही नाही. व्यायाम म्हणून.

३ जानेवारी
आकडे बघितले. आधीच्या वर्षी गावात अपघात ५८, संपलेल्या वर्षी ४९. साडेपंधरा टक्के घट! 'हळू चला'चे पिवळे स्टिकर ही माझी कल्पना होती, हे अहवालात लिहिणार नाही, पण साहेबांना आठवण करून देणार.

फॉर्म आणायला हवालदाराकडे गेलो. तो म्हणाला, जून-जुलै गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होतो, फॉर्म भरायला दुसरं कुणीच नव्हतं, तेवढं लक्षात घ्या. म्हटलं, फॉर्म नाहीत म्हणजे अपघात नाहीत. तो हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

दुपारी ४.००
४९ ला दहाने भागून बाराने गुणलं तर ५८.८ येतात. असं गुणायचं काही कारण नाही.

५ जानेवारी
वहिनींनी हिच्याकडे माझ्यासाठी पाकीट दिलं. दादाच्या मृत्यूचा दाखला. वहिनींचं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान टाकीच्या चौकातच आहे, म्हणजे दादाचं आणि वहिनींचं होतं, आता वहिनींचं. ही म्हणाली, वहिनी म्हणत होत्या, भावजींना सांग, चौकाला सिग्नल मिळवून द्या, बाकी काही नको.

हे खरं तर सोपं आहे. यंदा गावासाठी एकच सिग्नल मंजूर आहे. वर्षात ज्या चौकात माणूस गेला त्याला पहिला मान. कुठेच कोणी गेलं नसेल तर मंजुरी परत जाते, शेजारच्या गावाला. म्हणजे दाखला जोडायचा, एक ओळ लिहायची, काम फत्ते. हिला म्हटलं, वहिनींना सांग, सिग्नल झालाच समज.

ही म्हणाली, पाकीट उघडून तरी बघा. म्हटलं, ऑफिसचा कागद ऑफिसात उघडायचा असतो.

६ जानेवारी
बारा ओळी भरून झाल्या. हात बसला की पटापट होतं. एकोणतिसावी ओळ दादाची आहे. १२ ऑक्टोबर, सकाळी ९.४०, टाकीचा चौक, पादचारी विरुद्ध टेम्पो. समोरच्या दुकानातून कागदाची दोन रिमं घेऊन येत होता. वहिनी मशीनवर होत्या, मशीनच्या आवाजात त्यांना काही ऐकू आलं नाही. रिमांसाठी फॉर्मात रकाना नाही.

सगळा तपशील मला पाठ आहे, त्यामुळे ही ओळ सगळ्यात सोपी. म्हणून शेवटी भरणार.

७ जानेवारी
वजन ७८.५. बूट नवे आहेत, त्यांचं असणार. उद्यापासून बूट काढून.

९ जानेवारी
पाकीट फोडायला सुरी हवी. बोटाने फोडलं तर आतला कागद फाटतो, आणि दाखला फाटून चालायचा नाही. स्टेशनरी विभागात मागणी नोंदवली. तिथला कारकून म्हणाला, अहो, एका पाकिटासाठी सुरी? म्हटलं, पद्धत म्हणून काही असते.

१२ जानेवारी, दुपारी
अठ्ठेचाळीस ओळी पूर्ण. राहिली एक. आलेखसुद्धा तयार केला. निळी रेघ काय सुंदर उतरलीय! शिपायाला दाखवली. त्याने विचारलं, ही मधे एकदम जमिनीला का टेकलीय? म्हटलं, जून-जुलै. लोकांची शिस्त.

१३ जानेवारी
अडचण. म्हणजे अडचण नाही, तांत्रिक मुद्दा आहे.

पूर्वी अपघातात जखमी झालेला माणूस कधीही गेला तरी आपण मृत्यू धरायचो. कुणी सहा महिन्यांनी गेला तरी आकडे खोडा, पुन्हा बेरीज करा, नसती कटकट. म्हणून गेल्या एप्रिलमध्ये मीच टिपण दिलं की तीस दिवसांच्या आत गेला तरच मृत्यू, नाहीतर गंभीर जखमी. साहेबांना फार आवडलं होतं. मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन सांगितलं. त्या दिवशी दादाच्या दुकानात पेढा... नाही, केक नेला होता. दादा म्हणाला, माणसं मरतात ती तुझ्या कॅलेंडरवर मरतात होय रे? आणि दोन तुकडे खाल्ले.

दादा १४ नोव्हेंबरला गेला. तेहेतिसावा दिवस.

संगणकात त्याची तारीख टाकली की 'मृत्यू' हा पर्याय आपोआप पुसट होतो. प्रोग्राम उत्तम काम करतोय.

१४ जानेवारी
साहेबांकडे गेलो. मला वाटलं होतं विरोध करतील, मग मी भांडेन, मुद्दे लिहून नेले होते. पण साहेब म्हणाले, बसा. पाणी मागवलं. म्हणाले, नियम तुमचाच आहे, पण शेऱ्याचा रकाना कशाला असतो? शेऱ्यात लिहा की नंतर मृत्यू झाला, दाखला जोडा, मी सही करतो, एक मृत्यू धरू. पंचवीस तारखेपर्यंत द्या. नाहीतर मृत्यू शून्य, आणि सिग्नल गेला.

म्हणजे सगळं माझ्या हातात आहे. फार बरं वाटलं. तसं वाटलं असं नाही, पण वाटायला हवं होतं.

१६ जानेवारी
पंधरा तारीख उलटली. पण ती माझी मी ठरवलेली तारीख होती, सरकारी नव्हे. वजन ७९.५, बूट काढून. बेकरीवाला ओळखायला लागलाय, नुसतं बघून निघालो तर बरं दिसत नाही.

१७ जानेवारी
हिने विचारलं, लिहिलं का? म्हटलं, शब्द नेमके हवेत. ही म्हणाली, दोन-चार शब्दांचं तर काम. मी म्हटलं, तुला ऑफिसचं कळत नाही. ही म्हणाली, तुम्ही हॉस्पिटलातही असेच तारखा मोजत बसायचात.

बसायचो. कुणीतरी मोजायला हवं होतं. वहिनी तर तेहेतीस दिवस डॉक्टर आले की एवढंच विचारायच्या, घरी कधी सोडणार? पहिल्या दिवशी विचारलं, विसाव्या दिवशी विचारलं. बत्तिसाव्या दिवशी डॉक्टर उत्तर न देता पुढच्या खाटेकडे गेले. त्या वेळीही मला काही वाटलं नव्हतं. माझी तब्येत मुळात स्थिर आहे.

१९ जानेवारी
सुरी आली. धार नाही. परत पाठवायचा विचार आहे.

२० जानेवारी, सकाळी
आज चौकातून जायचं ठरवलं. जागेची पाहणी केल्याशिवाय शेरा लिहिणं बरोबर नाही. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेलो. समोर वहिनींचं दुकान दिसत होतं, मशीनचा हिरवा दिवा खालीवर होत होता. ट्रक, टेम्पो, स्कूटर, थांबायचं कुणी नाव घेईना. पंधरा मिनिटं उभा राहिलो. मग दुकानदार म्हणाला, काय पाहिजे? डोकेदुखीची गोळी घेतली. डोकं दुखत नव्हतं. परत फिरून बेकरीवरून ऑफिस.

पाहणी झाली असं धरायला हरकत नाही.

२२ जानेवारी
शेऱ्याचे चार मसुदे केले. पहिला लांब झाला. दुसऱ्यात 'दुर्दैवाने' आलं, अहवालात दुर्दैव चालत नाही. तिसऱ्यात नुसतं 'दादा' लिहिलं गेलं. चौथा चांगला होता पण तो कागद सापडत नाही.

२४ जानेवारी
उद्या शेवटचा दिवस. उद्या लवकर जाऊन, पाकीट फोडून, शेरा लिहून, दहाच्या आत साहेबांच्या टेबलावर. हिला सांगितलं, तिने वहिनींना फोनवर सांगितलं. एकदा ठरवलं की माझं असंच असतं.

२५ जानेवारी, सकाळी १०.००
पोचलो. आधी चहा.

दुपारी १२.३०
शिपायाच्या गुडघ्याला काय झालंय ते ऐकून घेतलं. हवालदाराच्या डॉक्टरचा पत्ता दिला.

दुपारी ४.४५
एकोणतिसावी ओळ उघडली. वय ५१. पुरुष. पादचारी. गंभीर जखमी. कर्सर शेऱ्याच्या रकान्यात. 'श्री.' लिहिलं. श्री. कशाला, म्हणून खोडलं. मग बराच वेळ गेला. प्रोग्राम शेरा रिकामा सोडू देत नाही, लाल चौकट येते.

५.१०
साहेब निघायला उभे होते. दारातूनच बघत होते, घाई करत नव्हते. लाल चौकट काही जाईना. 'निरंक' लिहिलं. गेली.

साहेब म्हणाले, नक्की? म्हटलं, हो साहेब.

२७ जानेवारी
अभिनंदनाचा फोन आला वरून. मृत्यू आधीच्या वर्षी तीन, यंदा शून्य. शंभर टक्के घट. साहेबांनी फोन माझ्याकडे दिला, पलीकडचे गृहस्थ म्हणाले, तुमच्या गावाचा आदर्श ठेवला पाहिजे. सिग्नलची मंजुरी परत. मी थँक यू म्हटलं.

हिला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगणार. वहिनींना त्याआधी कळायचं काही कारण नाही.

२८ जानेवारी
पंचवीस प्रती काढून, बाइंडिंग करून पाठवायच्या आहेत. शिपाई मला न विचारता मूळ प्रत घेऊन गेला. कुठे, तर नेहमीच्या दुकानात. आमचा अहवाल तेरा वर्षं तिथेच बांधला जातो. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

२९ जानेवारी
शिपाई हात हलवत परत आला. प्रती तयार आहेत, पण दुकानवाल्या बाई म्हणतात, ज्यांनी लिहिलाय त्यांनीच घेऊन जावं. साहेबांनी हे ऐकलं. म्हणाले, जा तुम्ही.

३० जानेवारी, सकाळी ११.३०
चौक ओलांडायला अकरा मिनिटं लागली. एक टेम्पो अगदी अंगावरून गेला, त्याच्या मागे माझा पिवळा स्टिकर होता.

वहिनी वाळल्यात. गठ्ठा सुतळीने बांधून ठेवला होता, पंचविसावी प्रत वेगळी, सातवं पान उघडं. त्या रागावतील म्हणून मी तयारी करून गेलो होतो. नियमाचं परिपत्रक खिशात होतं. त्यांनी स्टूल पुढे केलं. एकोणतिसाव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, भावजी, इथे गंभीर जखमी लिहिलंय. मी म्हटलं, हो, नियमाने तसंच येतं. म्हणाल्या, पंचवीस वेळा वाचलं मी, प्रत्येक प्रतीत तसंच आलंय. मी म्हटलं, मशीन चांगलं आहे.

मग म्हणाल्या, जखमी आहेत ना, मग घरी कधी सोडणार, तेवढं ऑफिसात विचारून सांगा.

मी परिपत्रक काढलं नाही. गठ्ठा उचलला. दोन रिमांएवढा जड होता. पायरीवर उभा राहिलो आणि मला काही केल्या रस्ता ओलांडता येईना. वहिनी दुकान तसंच उघडं टाकून आल्या, माझं कोपर धरलं, दुसरा हात गाड्यांना दाखवत मला पलीकडे सोडलं. मग वळून एकट्या परत गेल्या. त्या पोचेपर्यंत मी बघत होतो. मधे दोनदा थांबावं लागलं त्यांना.

३१ जानेवारी, दुपारी ३.००
प्रती रवाना. वजन ८१. चालण्याचा काही उपयोग होत नाही, बंद करणार.

पाकीट फोडलं. सुरीला धार आहे, चांगली आहे. आत दाखल्याच्या दोन प्रती. एकीच्या कडेला वहिनींनी पेन्सिलीने शेरा लिहून ठेवला होता, मला नुसता उतरवून घ्यायचा होता. 'उपचार चालू असताना मृत्यू, तेहेतिसावा दिवस.' सहा शब्द. खाली लिहिलं होतं, भावजी, तुम्हाला जड जाईल म्हणून.

५ तारखेपासून पाकीट माझ्याच खणात होतं.

पाऊण तास रडलो. ऑफिसच्या वेळेत. अर्ध्या दिवसाची रजा टाकायला हवी होती.